सहा ट्रे हिरवे, तीन काळे

९ फेब्रुवारी १९७४, शनिवार

शेवाळ वाळू खात नाही, हे आज मला तीन माणसांनी समजावून सांगितलं.

गेल्या रविवारच्या अंकात मी लिहिलं होतं की कोकणच्या पुळणीवर, म्हणजे समुद्रालगतच्या वाळूच्या टेकाडांवर, एक निळं-हिरवं शेवाळ असतं. ते वाळू खातं आणि खत देतं. विज्ञानाचं पान बघणारा माणूस रजेवर आहे. संपादकांच्या मते ज्याला संस्कृत येतं त्याला सगळंच येतं. युरिया सध्या कुठे मिळत नाही, तेव्हा ‘खताला पर्याय’ असं काहीतरी हवं होतं. दिलं. आता कचेरीत चौदा शेतकऱ्यांची पत्रं आली आहेत. सगळ्यांना ते शेवाळ कुठल्या दुकानात मिळतं हे हवं आहे. एकाने पोतं कितीला, असं विचारून जोडकार्ड पाठवलं आहे.

तिसरी समजावणारी परवीन. आमचे शमशुद्दीन बाइंडर वीस वर्षं माझ्या पोथ्या आणि कोश बांधून देतात, त्यांची ही मुलगी. वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट करते आहे, त्याच शेवाळावर. लेखासाठी माहिती तिनेच दिली होती. वाळू मी स्वतःच्या पदरची घातली.

“काका, सरांनी मला उभं करून विचारलं, हे तू सांगितलंस का म्हणून.”

“मग काय म्हणालीस?”

“म्हटलं, काकांचं संस्कृत फार चांगलं आहे.”

मुलगी हट्टी आहे आणि जीभ बापावर गेली आहे. प्रायश्चित्त काय, असं मी गमतीत विचारलं. तिने ते तयारच ठेवलं होतं: आमची गच्ची, दोन महिने.

१० फेब्रुवारी, रविवार

नऊ ट्रे आले. रिक्षातून, मांडीवर घेऊन, जणू नऊ तान्ही बाळं. तामचिनीचे पांढरे ट्रे, त्यांत वाळू, वाळूवर काळपट पापुद्रा. चहा सांडून वाळला तर असाच दिसतो.

तिच्या कॉलेजच्या गच्चीवर डांबर घालताहेत, त्या धुरात हे टिकणार नाहीत. ती स्वतः उद्या कोकणात चालली, किनाऱ्यावरची पाहणी करायला; येणार एप्रिलात. तोवर पालक आम्ही.

तिने मला आणि माझ्या बायकोला, मंदाकिनीला, गच्चीत उभं करून पाठ दिला. मला समजला तो असा. पुळणीच्या वाळूत नत्र जवळजवळ नसतंच. नत्राशिवाय झाड उगवत नाही. हवेत नत्र भरपूर आहे, पण ते झाडाला घेता येत नाही. हे शेवाळ ते हवेतून ओढून घेतं आणि वाळूत मुरवतं. त्याच्या धाग्यांनी वाळूही बांधली जाते. मग तिथे मर्यादवेल येते, मग झुडपं, मग सुरूची झाडं. म्हणजे सगळ्या किनाऱ्याचा स्वयंपाक हा काळा पापुद्रा करतो. या कामाला ‘नत्रस्थिरीकरण’ म्हणतात. शब्द बरा आहे, फक्त उच्चारायच्या आधी पाणी प्यावं लागतं.

“दर तिसऱ्या दिवशी फवारणी करायची. मी देते त्याच पाण्याने. नळाचं नको. बाकी काहीही नको, काका. यांना उपाशीच ठेवायचंय. उपाशी असलं तरच ते हवेतून घेतं.”

“आमच्या घरी पाहुणा उपाशी राहत नाही.”

“म्हणून तर सांगते आहे,” ती म्हणाली. मंदाकिनीकडे बघून.

पंचवीस एप्रिलला तिची समिती आहे. तोपर्यंत हे ट्रे किती नत्र पकडतात ते मोजून दाखवलं तर आणखी एक वर्ष काम चालू. नाही तर इतक्या वर्षांचं काम गुंडाळायचं आणि कुठल्यातरी शाळेत नोकरी. हे सांगताना मात्र ती चेष्टा करत नव्हती.

मंदाकिनीने तिला बरेच प्रश्न विचारले. वाळल्यावर ते मरतं का, नत्र पकडणारी जाड भिंतीची पेशी कशी ओळखायची, वगैरे. मी चहाचं बघा म्हटलं तेव्हा थांबली.

१६ फेब्रुवारी, शनिवार

शेवाळाला पाणी देणं हे कंटाळवाणेपणात माझ्या सगळ्या अपेक्षांच्या पुढचं निघालं. फवारायचं, बघायचं. काही होत नाही. न्हाव्याकडे असते तसली बाटली घेऊन मी दर तिसऱ्या दिवशी गच्चीत उभा; समोरच्या इमारतीतले गृहस्थ विचारतात, “काय, दाढी कुणाची?”

२१ फेब्रुवारी, गुरुवार

पत्रं चाळीस झाली. खुलासा छापू या म्हटलं तर संपादक म्हणतात, खुलाशाला जागा नाही, पण दुसरा लेख द्या.

३ मार्च, रविवार

उद्या नगरला निघालो, पाटबंधाऱ्याच्या कामांवर मालिका आहे. दहा दिवस. मंदाकिनी म्हणाली, “ट्रेचं मी बघते.” मी म्हटलं, तू कशाला, हे शास्त्र आहे, एक थेंब कमी-जास्त झाला तर पोरीची डॉक्टरेट जायची. मी निघताना भरपूर फवारून जातो, ते पुरेल. ती “बरं” म्हणाली. तिचं ‘बरं’ मला बावीस वर्षांत कळलेलं नाही. पाठ केलेल्या रूपावलीत ते नव्हतं.

लग्न झालं तेव्हा ती इंटर सायन्सला होती, हे आज अचानक आठवलं. कशावरून आठवलं कोण जाणे.

१४ मार्च, गुरुवार

संपलं सगळं.

नगरहून काल आलो, आज सकाळी वर गेलो. नऊच्या नऊ काळे. वाळून, तडकून, पापडासारखे कडेने वर वळलेले. दोन महिने सांभाळायचे होते, मी बत्तीस दिवसांत मारले.

मंदाकिनीला सांगितलं. ती शांतपणे भाजी निवडत होती.

“सुकलंय. मेलं नाहीये. परवीन म्हणाली होती ना, पुळणीवर महिनोन्‌महिने तसंच असतं.”

“परवीन ट्रे बघायला इथे नाहीये.”

“पाणी द्या, मग बघा.”

“पाण्याने मेलेली माणसं उठत नाहीत.”

ती पुन्हा भाजीकडे वळली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत जागोजागी तिने पेन्सिलीने ‘पा.’ ‘पा.’ असं काहीतरी लिहून ठेवलं आहे. पापड असावेत. घरात एका पोरीचं आयुष्य वाळत चाललंय आणि हिला पापड.

१५ मार्च, शुक्रवार

उपाय सापडला. सुचला तो आमच्या आईच्या एकादशीवरून. तिला ताप यायचा, वैद्य औषध द्यायचे, ती घ्यायची, आणि एकादशी मोडली असं कुणी म्हणत नसे. औषध घेतल्याने उपास मोडत नाही, हे घराघरात मान्य आहे. शेवाळाला नत्र लागतं. ते आता इतकं अशक्त झालंय की हवेतून ओढण्याचं बळ त्याच्यात नाही. तेव्हा थोडं नत्र औषध म्हणून. उठून बसलं की परत उपास.

अडचण एकच, युरिया अख्ख्या पुण्यात नाही. पण आमच्या मुक्ताबाई, धुण्याभांड्याला येतात त्या, वारज्याच्या. त्यांचे दीर हिंदुराव तिथे शेती करतात. बाईंना बाजूला घेऊन विचारलं.

“युरिया? आवं, खतापायी दीर चार दिस रांगंत हाय. ऊस पिवळा पडलाय.”

“मूठभर. पोरीच्या शिक्षणाचं काम आहे.”

“त्या परवीनताईच्या? मग आनते. पन ताई तर म्हनली, पान्याबिगर काय घालू नगा.”

“ते तिला विचारून झालंय,” असं मी म्हणालो. हे वाक्य लिहितानाही बरं वाटत नाही, पण वाटण्याची वेळ नव्हती.

१६ मार्च, शनिवार

पुडी मिळाली. पांढरे गोल दाणे, साबुदाण्याहून बारीक. हिंदुरावांच्या उसाच्या तोंडचा घास. कपाटात मोठ्या कोशाच्या मागे ठेवली आहे. माझ्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही. फक्त शनिवारी मंदाकिनी झटकते, ते वरवर.

१७ मार्च, रविवार

सकाळी सात वाजता वर गेलो तर सहाच ट्रे. खाली येऊन ओरडलो.

“तीन मागच्या सज्जात ठेवलेत,” मंदाकिनी म्हणाली. “कबुतरं येतात वर.”

“मग नऊही ठेवायचेस.”

“सज्जात तीनच मावतात.”

तीन तर तीन. सज्जात तिच्यादेखत औषधोपचार जमणार नाही, तेव्हा त्यांना रामराम. वरच्या सहांना प्रत्येकी दोन चिमटी युरिया, तांब्याभर पाण्यात विरघळवून. ट्रेवर परवीनने रंगाने क्रमांक घातलेत: एक, दोन, चार, पाच, सात, आठ. पाणी परवीनचंच वापरलं. नियम पाळले.

२४ मार्च, रविवार

पुन्हा दोन चिमटी. हिरवं दिसतंय!

३१ मार्च, रविवार

तिसरी मात्रा. आता काय सांगावं. सहाही ट्रे असे हिरवेगार की समोरचे दाढीवाले गृहस्थ कोथिंबीर का, असं विचारतात. उलट सज्जातले तीन बघितले. दुपारची वेळ, काळे, सुकट, जसेच्या तसे. कबुतरांपासून वाचले आणि उपासमारीने गेले. मंदाकिनीला म्हटलं, बघ, माया आणि उपचार यांत हा फरक असतो.

“दिसतोय,” ती म्हणाली.

९ एप्रिल, मंगळवार

परवीन आली. नाक सोललेलं, चपलांत अजून वाळू. शमशुद्दीनही बरोबर. मी त्यांना मिरवत वर नेलं.

ती ट्रेपाशी थांबली. मग गुडघ्यावर बसून बोटाने एक पापुद्रा उचलला. मऊ होता.

“काका, हे इतकं हिरवं कसं?”

“प्रेमाने वाढवलंय.”

“पुळणीवर असं कधीच दिसत नाही.”

“तिथे त्याच्याकडे बघायला कोण आहे?”

शमशुद्दीन म्हणाले, “शास्त्रीबुवा, तुम्ही पोथ्या सोडून नर्सरी काढा.” ती मात्र हसली नाही. सहा ट्रे रिक्षात घातले. मंदाकिनी म्हणाली, “सज्जातले तीनही ने गं.” मी म्हटलं, ते गेलेत, त्यांचं ओझं कशाला. परवीनला घाई होती. मशीन तिला फक्त गुरुवारी मिळतं.

११ एप्रिल, गुरुवार

शून्य.

मोजायची रीत तिने आज सांगितली. शेवाळ बरणीत ठेवून आत ॲसिटिलीन सोडतात, फेरीवाल्यांच्या कार्बाइडच्या दिव्यात जळतो तोच वायू. शेवाळ काम करत असेल तर त्याचा दुसरा वायू होतो, केळी पिकवणारा. तो मशीन मोजतं. सहाही बरण्यांतून काही आलं नाही. ती तिथेच स्टुलावर बसून राहिली, असं शमशुद्दीन म्हणाले.

“जिवंत आहे, पण कामच करत नाही,” ती मला म्हणाली. “त्या जाड भिंतीच्या पेशीच नाहीत त्यात. याचा अर्थ एकच, काका. कुठून तरी आयतं नत्र मिळालंय. आयतं मिळालं की ते हवेतून घेणं बंद करतं.”

मी म्हटलं, कबुतरं असतील.

१३ एप्रिल, शनिवार

परवीन सकाळी आली. गच्ची बघितली, नळ बघितला, कबुतरांची एकही शिट सापडली नाही. मग मुक्ताबाई तिथेच कपडे वाळत घालत होत्या, त्यांना विचारलं. अगदी मऊपणाने, पण विचारलं. बाई, साबणाचं पाणी, भांड्यांचं पाणी, चुकून कधी ट्रेवर सांडलं का?

“म्या काय सांडलं न्हाय.”

“चुकून हो. रागावत नाही मी.”

“चुकून बी न्हाय.”

आणि मुक्ताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पिळलेलं धोतर हातात, माझंच. नुसतं पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी धोतर झटकलं आणि दोरीवर टाकलं.

मी काय केलं? मी म्हणालो, “होतं असं कामाच्या गडबडीत.”

हे मी म्हणालो. इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठेच लिहिता येणार नाही.

१४ एप्रिल, रविवार

मुक्ताबाई आल्या नाहीत. भांडी मंदाकिनीने घासली. फार आवाज करत घासली.

दुपारी शमशुद्दीन आले, मी बांधायला दिलेला ग्रंथ घेऊन. पोरगी घरात जेवत नाही म्हणाले. “समिती अकरा दिवसांवर आहे. ती म्हणते, अब्बा, मी कुठे चुकले तेच कळत नाही. कळलं असतं तर सोसलं असतं.” पुस्तकाचा पुठ्ठा उगीच हाताने पुसत राहिले. मी त्यांना चहा पाजला. औषध म्हणून चहा चालतो.

एकादशीचा दाखला मी कुठल्या तोंडाने दिला होता कोण जाणे. आईचा ताप खरा होता. माझ्या शेवाळाला काही झालेलंच नव्हतं, ताप मला होता. आणि दोष बसला तो जिने चार दिवस रांगेतल्या माणसाचं खत आणून दिलं तिच्यावर.

१५ एप्रिल, सोमवार

सांगितलं.

आधी मंदाकिनीला, चहाच्या वेळी. मान खाली घालून कसाबसा बोललो: पुडी, कोश, चिमटी, तीन रविवार. मला वाटलं होतं आता भूकंप होईल. तिने कप खाली ठेवला.

“बरं झालं सांगितलंत. उठा. आधी वारजे, मग परवीन.”

“आधी वारजे?”

“बदनामी कुणाची झालीय?”

बसने वारज्याला. मुक्ताबाई अंगणात धान्य पाखडत होत्या. मी उभ्याउभ्या सांगितलं की चूक माझी, आणि परवीनलाही आत्ताच जाऊन तसंच सांगणार आहे. त्या पाखडत राहिल्या.

“मला ठावंच व्हतं की. तुमी सांगावं म्हून म्या गप ऱ्हायले. न्हायतर चुगली झाली आसती.” मग मंदाकिनीला, “वयनी, उद्या येते. भांडी तशीच ठिवा, तुमची करपतात.”

परवीनकडे जे झालं ते मात्र मी आयुष्यभर विसरणार नाही. ती ओरडली नाही. ऐकलं, आणि वही उघडली.

“किती टाकलंत? कधी? कुठल्या ट्रेत?”

“तारखा लिहिलेल्या आहेत. माझ्या रोजनिशीत.”

“आणा.”

“परवीन, ती खाजगी आहे.”

“काका, माझे सहा ट्रे पण खाजगी होते.”

वही द्यायचं कबूल केलं. आणि मग मंदाकिनी म्हणाली, “तीन अजून आहेत सज्जात. खत न घातलेले. दर तिसऱ्या दिवशी पाणी दिलंय, तारखा भिंतीवर आहेत. पहिले पाच आठवडे बहुतेक ह्यांनी, ह्यांच्या नगरच्या दहा दिवसांत कुणी नाही, पुढचे मी.”

परवीन उठून उभी राहिली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं ट्रेचं कौतुक वाटलं असावं. त्या कबुतरांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. ती नसती तर नऊही माझ्या तावडीत सापडले असते.

१६ एप्रिल, मंगळवार

ही वही उद्या द्यायची आहे. काल रात्रीपर्यंत १३ एप्रिलचं पान फाडावं असं वाटत होतं. त्यात युरियाची एकही तारीख नाही, शास्त्राचं काही बिघडत नाही. पण ज्या वहीतलं एक पान गाळलं, तिच्यातल्या बाकीच्या तारखांवर कुणी का विश्वास ठेवावा? राहू दे.

आज कॉलेजात बोलावलं होतं. चिमटी म्हणजे किती, हे शास्त्राला चालत नाही. काचेच्या पेटीतल्या तराजूसमोर बसवून परवीनने मला तीस वेळा युरियाची चिमूट उचलायला लावली. दर वेळी कागदावर टाकायची, तिने वजन लिहायचं. दहाव्या वेळी बोटं घामेजली तर पुसायला लावली. तिचे सर मागे उभे राहून बघत होते.

“हेच का वाळू खाणारे गृहस्थ?” ते म्हणाले.

माझी चिमूट सरासरी चार दशांश ग्रॅमची आहे. आमच्या घराण्यात इतकी नेमकी माहिती माझ्याविषयी आजवर कुणाकडे नव्हती.

१८ एप्रिल, गुरुवार

(वही काल मंदाकिनीने परवीनकडे पोचवली, म्हणून पाठकोऱ्या कागदावर. नंतर डकवणे.)

सज्जातले तीन ट्रे मशीनवर गेले. तिन्ही काम करताहेत! पाणी पडल्यावर तासाभरात जागे झाले आणि बरणीतून केळी पिकवणारा वायू भरभरून आला. पुळणीवर तिने जेवढा मोजला होता, जवळजवळ तेवढा. शमशुद्दीन डझनभर केळी घेऊन आले. विनोद त्यांना उशिरा सुचतो, पण पिकलेला असतो.

२५ एप्रिल, गुरुवार

समिती झाली. एक वर्ष मिळालं. समितीतल्या एकाने टोचलं म्हणे, की खत घातलेले आणि न घातलेले अशी तुलना तुम्ही आधीच का नाही योजली? परवीनने सरळ सांगितलं: योजलेली नव्हती, घडली, नोंदी मात्र पक्क्या आहेत. तक्त्याखाली नावं आहेत. ‘पाणी व निगा: मंदाकिनी. खत: श्यामसुंदर.’ बावीस वर्षांच्या पत्रकारितेत माझं नाव इतक्या मोजक्या शब्दांत कुणी छापलं नव्हतं.

तीन ट्रे परत आमच्या सज्जात आलेत, आणि आता मंदाकिनी दर गुरुवारी कॉलेजात जाणार आहे. जाड भिंतीच्या पेशी मोजायला. जेवणाचं काय, असं मी विचारलं. “उपाशी असलात की हवेतून घ्याल,” म्हणाली.

३० एप्रिल, मंगळवार

वही परत आली. शमशुद्दीनांनी सुटे कागद आत शिवून कापडी बांधणी केली आहे, उरलेली कोरी पानं तशीच ठेवून. पुठ्ठ्याच्या कण्यावर सोनेरी अक्षरं: ‘शेवाळ, १९७४’.

“वाचलीत का हो?”

“शास्त्रीबुवा, बांधणारा वाचत नाही.” मग जिन्यात थांबून, “पण १५ मार्च बहारदार आहे.”

परवीनने तारखांखाली पेन्सिलीने रेघा मारल्या आहेत. ‘मुलगी हट्टी आहे’ याच्यासमोर समासात ‘मान्य’ लिहिलंय.

आणि १७ मार्चच्या पानावर, जिथे मी कबुतरांचं लिहिलं आहे, तिथे दुसरं अक्षर. बारीक, दिनदर्शिकेवर ‘पा.’ लिहिणारं:

‘कबुतरं नव्हती. पुडी आदल्या दिवशी झटकताना सापडली. तीनच उचलता आले, जिना अरुंद. बाकीचं तुम्ही आपण होऊन सांगाल म्हणून थांबले. फार थांबवलंत. मुक्ताबाईंना त्या दिवशी मीही सोडवायला हवं होतं.’

तीन वेळा वाचलं. स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी म्हणावं म्हणून उठलो, दारापर्यंत गेलो. ती पोळ्या लाटत होती.

“तिसरा दिवस आहे,” मी म्हणालो. “पाणी देऊ का?”

“किती देणार?”

“तू सांगशील तेवढं.”

“दहा दाब. आणि खिसे दाखवून जा.”

खिसे दाखवले.